सफाई आधी, गोळी नंतर: हिरड्यांच्या आजारावर वाचकांचे प्रश्न

हिरड्यांच्या आजाराविषयी आलेल्या पत्रांत एक शंका फिरून फिरून येते: दंतवैद्य हिरडीखालची खोल सफाई सांगतात, तर तिच्या जोडीला अँटिबायोटिक घ्यावे का? काहींना चिठ्ठीत ते दिलेले नाही म्हणून काळजी वाटते, काहींना दिले आहे म्हणून. या वेळी त्याच विषयावरची पत्रे घेतली आहेत. उत्तरांत औषधांच्या मात्रा आहेत, त्या हातातली चिठ्ठी समजावी एवढ्यासाठी. त्या वाचून परस्पर दुकानातून औषध आणू नये.

प्रश्न: ब्रश करताना रक्त येते, तोंडाला वास येतो. दंतवैद्यांनी पायरिया आहे म्हणून सांगितले आणि चार वेळा येऊन हिरडीखालची सफाई करून घ्यायला सुचवले. मी आधी औषधाच्या दुकानातून ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोलची गोळी आणून पाच दिवस घेतली. चौथ्या दिवशी रक्त थांबले. तीन आठवड्यांनी सगळे पुन्हा पहिल्यासारखे झाले. गोळी कमी पडली का? (वाचक, वय ४१, नाशिक)

उत्तर: दहा दिवस घेतली असती तरी हेच झाले असते. पाणवठ्याच्या दगडावर धरलेले शेवाळ कितीही पाऊस पडला तरी जात नाही, ते खरवडावे लागते. हिरडीखाली दाताच्या मुळावर जंतूंचा असाच थर धरतो. जंतू स्वतःच तयार केलेल्या चिकट द्रव्यात रुतून बसतात. वरच्या थरापर्यंत औषध पोहोचते, आत ते विरळ होत जाते. शिवाय आतले जंतू सुस्तावलेले असतात, त्यांची वाढ जवळजवळ थांबलेली असते. अमॉक्सिसिलिनसारखे औषध जंतू वाढताना, नवी भिंत बांधताना त्यांना मारते. जो वाढतच नाही त्याच्यावर ते फारसे चालत नाही. त्यातच या थराचे किटण झालेले असते. किटण म्हणजे घट्ट झालेले क्षार. ते विरघळवणारी गोळी नाही, आणि त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर नवा थर लगेच धरतो.

मग रक्त का थांबले? हिरडीच्या मांसात शिरलेले आणि हिरडी-दातांमधल्या पोकळीत, म्हणजे खिशात, सुटे फिरणारे जंतू काही दिवस कमी झाले, त्यामुळे सूज उतरली. मुळावरचा थर तसाच राहिला आणि तिथूनच पुन्हा भरती झाली. यातला धोका असा की रक्त हीच या आजाराची दिसणारी खूण आहे. ती झाकली गेली की माणूस सफाई पुढे ढकलतो, आणि हाड मात्र न दुखता झिजत राहते.

तुम्ही घेतलेल्या जोडगोळीबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण आपल्याकडे ती जुलाबापासून दातदुखीपर्यंत सगळ्याला दिली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ऑफ्लॉक्सॅसिन जपून वापरायच्या गटात येते आणि ही ठरावीक जोडी न सुचवलेल्या मिश्रणांच्या यादीत आहे. हिरड्यांसाठी ती पहिल्या पसंतीची नाही. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. ती रेघ सगळ्यांना ओळखता यावी म्हणून केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोहीमही काढली होती.

आता सफाईबद्दल, कारण चार भेटी म्हटल्यावर तुम्ही बिचकलात असे पत्रावरून दिसते. आधी बारीक खुणांच्या सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडी आणि दात यांच्यामधली खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर ठीक. ४ किंवा जास्त, आणि सळई लावताच रक्त, तर तो रोगट खिसा. मग भूल देऊन कंप पावणाऱ्या यंत्राने आणि बाकदार हत्यारांनी मूळ साफ करतात. हत्यारांची टोके दाताच्या बाजूनुसार वेगवेगळी असतात, आणि दाढेच्या मागच्या बाजूला पोहोचायला वेळ लागतो. भूल देऊन एका वेळी तोंडाचा एक चतुर्थांश भाग घेण्याची पद्धत त्यातूनच आली. नंतर दोन-तीन दिवस ठणका आणि काही आठवडे गार पाण्याने शिणशिण, एवढे अपेक्षित आहे. सूज उतरल्यावर हिरडी खाली बसते, दातांमध्ये फटी दिसतात. सफाईने दात सैल झाले असा समज इथूनच होतो. फट आधीच होती, ती किटणाने आणि सुजेने भरलेली होती.

मोजणीच्या तक्त्याची प्रत मागून घ्या. पुढच्या प्रत्येक निर्णयाला तो तक्ता लागतो.

प्रश्न: मी ६३ वर्षांची, मुलगी २९ ची. दोघींनाही एकाच डॉक्टरांनी खोल सफाई सांगितली. मुलीला नंतर सात दिवस दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या, मला एकही नाही. दुखणे तर माझेच जुने आहे. माझ्या वयामुळे औषध टाळले का? (वाचक, ठाणे)

उत्तर: डॉक्टरांनी विचार करूनच फरक केलेला दिसतो. २०१७ च्या जागतिक परिषदेत ठरलेल्या वर्गीकरणात दोन गोष्टी वेगळ्या पाहतात: किती नुकसान झाले आहे ते टप्पा १ ते ४ मध्ये, आणि ते किती वेगाने होते आहे ते अ, ब, क अशा श्रेणीत. वेगाचा अंदाज घ्यायला सोपा हिशेब आहे. सर्वांत खराब दाताभोवतीचे हाड किती टक्के झिजले ते एक्स-रेवर पाहायचे आणि त्याला वयाने भागायचे. उत्तर ०.२५ च्या खाली आले तर आजार संथ, १ च्या वर गेले तर वेगवान, अधले-मधले मध्यम. समजा, तुम्हा दोघींचेही ४० टक्के हाड गेले आहे. तुमचे ४० भागिले ६३, म्हणजे ०.६३. मुलीचे ४० भागिले २९, म्हणजे १.३८. एक्स-रे सारखा, आजाराची चाल मात्र अगदी वेगळी. धूम्रपान किंवा मधुमेह असेल तर श्रेणी आणखी वर जाते.

युरोपच्या हिरडी-तज्ज्ञांच्या महासंघाने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार खोल सफाईबरोबर पोटातून अँटिबायोटिक सरसकट देऊ नये. अपवाद म्हणून त्यांनी तरुण वयातला, बऱ्याच दातांवर पसरलेला, तिसऱ्या टप्प्याचा आजार सांगितला आहे. मुलगी बहुधा त्यात बसते.

सरसकट का नको, याचे उत्तर आकड्यांत आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१५ मध्ये अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबात सफाईने हिरडीची दाताला असलेली पकड सरासरी अर्धा मिलिमीटर सुधारते. पोटातून अँटिबायोटिक दिल्यास त्यात साधारण ०.३५ मिलिमीटरची भर पडते. मोजणीच्या सळईवरच्या खुणा १ मिलिमीटरच्या असतात, यावरून ही भर किती बारीक आहे ते कळेल. ही सरासरी आहे, खोल खिशांत फायदा जास्त आणि उथळ खिशांत नगण्य.

जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीत ५०६ रुग्णांना सफाईबरोबर अमॉक्सिसिलिन-मेट्रोनिडाझोल किंवा बिनऔषधी गोळ्या दिल्या आणि सव्वादोन वर्षांवर पाठपुरावा केला. निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पुढे आणखी पकड सुटलेल्या जागा औषधवाल्यांत ५.३ टक्के आणि बिनऔषधीवाल्यांत ७.८ टक्के होत्या. अठ्ठावीस दात, प्रत्येकी सहा जागा, म्हणजे १६८ जागा. त्यांत हा फरक चार जागांचा पडतो. दोन्ही गटांत नव्वद टक्क्यांहून अधिक जागा सांभाळल्या गेल्या, त्या सफाईने आणि नियमित तपासणीने. याच चाचणीच्या पुढच्या विश्लेषणात साधारण ५५ वर्षांच्या आतल्या आणि एक तृतीयांशाहून अधिक जागी ५ मिलिमीटर किंवा जास्त खोल खिसे असलेल्यांना गोळ्यांचा उपयोग अधिक दिसला.

चार जागांसाठी प्रत्येक रुग्णाच्या आतड्यातले आणि तोंडातले जंतू औषधाला सरावू द्यायचे का, असा हा प्रश्न आहे. मध्यम गतीच्या आजारात आमचे उत्तर नाही असेच आहे. तुमची सफाई नीट झाली आहे का आणि तीन महिन्यांनी मोजणी ठरली आहे का, तेवढे पाहा.

प्रश्न: मला पहिल्याच भेटीत अमॉक्सिसिलिन ५०० आणि मेट्रोनिडाझोल ४०० दिवसातून तीनदा, सात दिवस, असे लिहून दिले. सफाईच्या चार बैठका मात्र दर आठवड्याला एक अशा आहेत. गोळ्या आज सुरू करू का? (वाचक, वय ३६, चिंचवड)

उत्तर: आज सुरू करू नका, आधी दवाखान्यात फोन करून क्रम विचारा. कदाचित शेवटी घ्यायच्या म्हणूनच दिल्या असतील आणि सांगायचे राहिले असेल.

औषधाचा उपयोग थर मोडल्यानंतर आहे. आज गोळ्या घेतल्या तर त्या संपेपर्यंत तोंडाचा एकच चतुर्थांश साफ झालेला असेल. उरलेल्या तीन भागांत जुना थर शाबूत, आणि शेवटच्या बैठकीला अंगात औषध नाही. म्हणून सगळी सफाई थोड्या दिवसांत, शक्यतो आठवड्याच्या आत, उरकायची आणि ती पूर्ण होईल त्या दिवशी गोळ्या सुरू करायच्या. चारऐवजी दोन लांब बैठका, एक दिवस उजवी बाजू आणि दोन-तीन दिवसांनी डावी, असे जमेल का ते विचारा. बहुतेक ठिकाणी जमवतात.

तुमची जोडी ही सर्वांत जास्त अभ्यासलेली आहे. १९८९ मध्ये डच संशोधक व्हॅन विंकेलहॉफ आणि सहकाऱ्यांनी तरुणांच्या वेगवान आजारात सापडणाऱ्या एका चिवट जंतूवर तिचा परिणाम दाखवला. मेट्रोनिडाझोल प्राणवायूवाचून जगणाऱ्या जंतूंवर चालते, अमॉक्सिसिलिन इतर बऱ्याच जंतूंवर, आणि त्या चिवट जंतूवर दोन्ही एकत्र जास्त चालतात.

सात दिवस, रोज तीनदा, म्हणजे २१ कॅप्सूल आणि २१ गोळ्या. दुकानातच मोजून घ्या. दोन्ही एकाच वेळी, खाल्ल्यावर, साधारण आठ-आठ तासांनी: सकाळच्या न्याहारीनंतर, दुपारी उशिरा काही खाऊन, रात्री झोपताना. वेळ चुकली तर आठवण येताच घ्या; पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडा, दोन एकदम नकोत. तोंडाला धातूसारखी चव येते, कधी लघवी तांबूस होते, त्याला घाबरू नका. सगळ्यात जास्त घोटाळा तिसऱ्या दिवशी होतो. मळमळ सुरू होते, हिरडी बरी दिसू लागलेली असते, आणि गोळ्या डब्यात जातात. मळमळ सोसवत नसेल तर डॉक्टरांना कळवा, स्वतः अर्ध्यावर सोडू नका.

अंगावर पुरळ, ओठ-डोळे सुजणे, धाप लागणे यांपैकी काही झाले तर औषध थांबवून थेट रुग्णालयात जा. पाण्यासारखे जुलाब वारंवार झाले, शौचातून रक्त पडले किंवा हातापायांना मुंग्या येऊ लागल्या तरी औषध थांबवून फोन करा.

पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास अमॉक्सिसिलिन चालत नाही. नावात ‘क्लॅव्ह’ असलेल्या गोळीतही अमॉक्सिसिलिनच असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अशा वेळी एकटे मेट्रोनिडाझोल देतात. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि शेवटच्या गोळीनंतर तीन दिवस मद्य अजिबात नको. उलट्या, धडधड, चेहरा लाल होणे असा त्रास होऊ शकतो. द्राक्षासव, दशमूलारिष्ट अशी आसवे-अरिष्टेही त्या काळात बंद ठेवा, त्यांत आंबवण्याने तयार झालेले मद्य असते. काही खोकल्याच्या औषधांत आणि माउथवॉशमध्येही ते असते, लेबल वाचा. पोट बिघडले म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी ऑर्निडाझोल किंवा टिनिडाझोल दिले तर चालू गोळ्या दाखवा. ती मेट्रोनिडाझोलचीच भावंडे आहेत.

प्रश्न: वडील ६८ वर्षांचे. आठ वर्षांपूर्वी हृदयाची कृत्रिम झडप बसवली, रक्त पातळ करणारे ॲसिनोकुमारॉल चालू आहे. दंतवैद्य म्हणतात, सफाईआधी अँटिबायोटिक घ्यावेच लागेल. तुम्ही तर सरसकट नको म्हणता. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: दंतवैद्य बरोबर सांगत आहेत. हे अँटिबायोटिक हिरडीसाठी नाही, झडपेसाठी आहे. सफाईत खिशातले जंतू काही मिनिटे रक्तात उतरतात. निरोगी हृदयाला त्याचे काही होत नाही, पण कृत्रिम झडपेवर ते चिकटले तर जिवावरचा संसर्ग होतो. म्हणून सफाईच्या ३० ते ६० मिनिटे आधी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या चार कॅप्सूल एकदम, असा एकच डोस देतात. प्रत्येक बैठकीला तो नव्याने घ्यायचा, त्यामुळे बैठका जितक्या कमी तितके चांगले. पेनिसिलिन चालत नसेल तर ॲझिथ्रोमायसिन ५०० किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम असे पर्याय आहेत. पूर्वी क्लिंडामायसिन देत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये ते वगळले. वडिलांना दुसऱ्या कारणाने आधीच अमॉक्सिसिलिन चालू असेल तर तोंडातले काही जंतू त्याला सरावलेले असतात. तेव्हा दुसऱ्या गटाचे औषध निवडायचे किंवा ते संपल्यावर दहा दिवस थांबायचे.

रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. सफाईच्या आधीच्या २४ तासांत, आकडा स्थिर असल्यास ७२ तासांत, आयएनआर (रक्त किती पातळ झाले आहे ते दाखवणारा आकडा) तपासून घ्या; तो ४ च्या खाली असेल तर सफाई करता येते, रक्त दाबून थांबवतात. मात्र मेट्रोनिडाझोल त्यांच्यासाठी धोक्याचे आहे. ते ॲसिनोकुमारॉलचा परिणाम वाढवते, आयएनआर चढतो, आणि काही दिवसांत नाका-तोंडातून किंवा पोटात रक्तस्राव होऊ शकतो. सफाईनंतर कोणी लिहून दिले तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी देऊ नका. दुखले तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको.

प्रश्न: गोळ्यांऐवजी खिशात ठेवायची चिप किंवा जेल मिळते म्हणे. तीच सगळीकडे का वापरत नाहीत? (वाचक, पणजी)

उत्तर: क्लोरहेक्सिडिनची चिप नखाएवढी पातळ असते. तिच्यात २.५ मिलिग्रॅम औषध असते, ५ मिलिमीटर किंवा जास्त खोल खिशात ती सरकवतात आणि ती सात ते दहा दिवसांत विरघळते. टेट्रासायक्लिनचे तंतू, डॉक्सिसायक्लिनचे जेल, मिनोसायक्लिनची बारीक पूड हे प्रकारही आहेत. पोटात औषध जवळजवळ जात नाही हा मोठा फायदा. सफाईच्या जोडीला मिळणारी भर आधी सांगितलेल्या अमेरिकन हिशेबात मिनोसायक्लिनला ०.२४, चिपला ०.४० आणि डॉक्सिसायक्लिन जेलला ०.६४ मिलिमीटर आली. चिपच्या तुलनेत जेलबद्दलचा पुरावा कच्चा आहे.

सफाई झाली, तीन महिने गेले, आणि दोन-तीन खिसे तेवढे रक्त देत राहिले, तर तिथे पुन्हा सफाई करून हे ठेवणे योग्य. वीस खिशांत वीस चिपा घालण्यात अर्थ नाही, आणि सफाई न करता घातलेली चिप पैसे वाया घालवते. चिप ठेवलेल्या जागी दहा दिवस दात साफ करायचा दोरा (फ्लॉस) घालू नये, ती निघून येते.

प्रश्न: मधुमेह आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ८.६. साखरवाल्यांना सफाईबरोबर अँटिबायोटिक लागतेच ना? (वाचक, वय ५२, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: केवळ मधुमेह आहे म्हणून लागत नाही. उलट हिरड्यांच्या उपचाराने साखरच थोडी उतरते. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४३ अंकांनी कमी झालेले दिसले. साखर आटोक्यात येईपर्यंत सफाई थांबवू नका, दोन्ही एकदमच चालू द्या. सकाळची वेळ घ्या, न्याहारी करून आणि नेहमीचे औषध घेऊन जा. भुलेमुळे पुढे दोन-तीन तास नीट खाता येत नाही, तेव्हा उपाशीपोटी गेल्यास साखर एकदम खाली जाऊ शकते.

प्रश्न: आई तीस वर्षे मिश्री लावते. दात हलतात, पण हिरडीतून रक्त कधीच येत नाही, म्हणून ती म्हणते मिश्रीने हिरड्या घट्ट राहतात. अँटिबायोटिकचा एक कोर्स दिला तर हलणे थांबेल का? (वाचक, जत, जि. सांगली)

उत्तर: मिश्री म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखू. त्यातले निकोटिन हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसून टाकते, म्हणून रक्त येत नाही आणि हिरडी फिकट, टणक दिसते. आत हाड झिजत असते. बायाबापड्यांची यात दरवेळी फसगत होते, कारण रक्त दिसले असते तर त्या आधीच आल्या असत्या. झिजलेले हाड कोणत्याही गोळीने भरून येत नाही. तंबाखू चालू असताना सफाईचा फायदाही कमी होतो, आणि गोळीने ती तूट भरत नाही. आईंच्या बाबतीत क्रम असा ठेवा: तोंडाची पूर्ण तपासणी, सफाई, आणि त्याच आठवड्यात मिश्री सोडण्याची सुरुवात. मिश्रीची वेळ सकाळी उठल्याबरोबर आणि जेवणानंतर असते. त्या वेळी हातात मऊ ब्रश आणि साधी टूथपेस्ट द्या, हाताची सवय तरी चालू राहते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी आहे. मिश्री जिथे दाबून धरतात तिथे, गालाच्या आत किंवा जिभेखाली, पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल तर आधी तो दाखवा. हिरड्या नंतर.

प्रश्न: सफाई अर्धी झाली असताना एका दाढेजवळ हिरडी फुगली, दाबल्यावर पू येतो. ताप नाही. आता तरी गोळ्या घ्याव्यात का? (वाचक, वय ४७, अकोला)

उत्तर: बहुतेक वेळा खिशाचे तोंड वरून आवळले जाते, आत किटणाचा तुकडा राहतो आणि पू कोंडतो. पूला वाट करून देणे हा उपचार. दंतवैद्य खिशातून किंवा छोटी चीर देऊन तो काढतात, आत साफ करतात, आणि एक-दोन दिवसांत उतार पडतो. ताप नसेल, सूज तेवढ्यापुरती असेल तर गोळी लागत नाही. ताप आला, जबड्याखाली गाठी आल्या किंवा सूज गालावर पसरली तर पू काढण्याबरोबर अँटिबायोटिकही लागते. तोंड उघडेना, गिळता येईना, जिभेखाली किंवा गळ्यापर्यंत सूज गेली, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच मोठ्या रुग्णालयात जा. अशी सूज श्वास अडवू शकते.

प्रश्न: सफाई आणि सात दिवसांच्या गोळ्या दोन्ही झाले. तीन महिन्यांनी मोजल्यावर बहुतेक ठिकाणी ३-४ मिलिमीटर, पण दोन दाढांजवळ ७ राहिले. गोळ्यांचा दुसरा कोर्स घेऊ का? (वाचक, वय ३३, पुणे)

उत्तर: घेऊ नका. तोंडभर खिसे भरून आले आणि दोनच राहिले, म्हणजे या दोन ठिकाणी काहीतरी अडकले आहे. दाढेला दोन-तीन मुळे असतात. ती जिथे फुटतात त्या बेचक्यात आजार शिरला की नेहमीचे हत्यार आत फिरत नाही, कारण बेचक्याचे तोंड अनेकदा हत्याराच्या पात्यापेक्षा अरुंद असते. मुळावरची खोबण, कडा वर राहिलेली कॅप किंवा चांदी, दोन दाढांमध्ये अन्न अडकणे हीही कारणे असतात. कॅपची कडा गोळीने गुळगुळीत होत नाही.

आधी त्या दोन जागांचा नवा एक्स-रे, मग भूल देऊन फक्त तिथे पुन्हा सफाई. हिरडीच्या तज्ज्ञाकडे म्हणजे पेरिओडॉन्टिस्टकडे जायची हीच वेळ. ६ मिलिमीटर किंवा जास्त खोली तरीही राहिली तर हिरडी थोडी बाजूला करून डोळ्यांसमोर मूळ साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात, आणि हाडाचा खड्डा योग्य आकाराचा असेल तर त्यात हाड भरण्याचे द्रव्यही घालतात. दरम्यान त्या दाढांमध्ये दोरा पुरत नाही, कारण मुळाच्या खोबणीला तो स्पर्शच करत नाही. दातांमधला छोटा ब्रश वापरा. फटीत किंचित अडकत जाईल असा आकार दंतवैद्याकडून ठरवून घ्या, रोज रात्री एकदा, पेस्टशिवाय. सुरुवातीला पाच-सहा दिवस रक्त येईल. ते पाहून थांबू नका. दोन आठवड्यांनंतरही त्याच जागी येत राहिले, तर तेवढी नोंद करून पुढच्या भेटीत सांगा.